पहिल्या रांगेतली आजी

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



'मुलांचे कार्यक्रम आणि आपण' या विषयावर दहा मिनिटं बोला, असं समितीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी कॉम्प्युटर इंजिनिअर. नाचातलं मला काय कळतंय? भावाच्या वरातीत मी सगळ्यांचे मोबाईल सांभाळत उभा होतो." त्यावर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "नाचावर नका बोलू. गेल्या वर्षी गणपतीत जे झालं, त्यावर बोला."

ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मात्र आमच्या घरातच राहिलं. ते आज सांगतो.

माझी लेक तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. कुकरची शिट्टी झाली की ती जिथे असेल तिथून उठून नाचायची. गाणं लागायचं नाही, ताल लागायचा नाही. शिट्टी पुरायची.

मे महिन्यात साताऱ्याहून आई आली. आपल्याकडे येणाऱ्या आई-वडिलांचं गणित तुम्हाला ठाऊक आहेच. सहा महिन्यांचा मुक्काम आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं. आईचं तिकीट दसऱ्यानंतरच्या आठवड्यातलं होतं. तेवढ्यात नातीला शुभंकरोति शिकवायची, वरणभात हाताने खायला शिकवायचं, मराठीत भांडायला शिकवायचं आणि तिला एकदा तरी स्टेजवर नाचताना बघायचं! आमच्या धंद्यात याला म्हणतात डेडलाईन पक्की आणि स्कोप वाढता. अशा प्रोजेक्टचं काय होतं, ते इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको.

त्यात डॅलसहून ताईचा फोन. तिच्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालेलं. "पाचवं लागलं की उशीरच रे!" पुण्याहून आत्या म्हणाली, "इथे आमच्या सोसायटीत तीन-तीन वर्षांची पोरं नाचतात. तुम्ही अमेरिकेत राहून करता तरी काय?"

मी एका कथक शिकवणाऱ्या बाईंना भेटलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत तत्कार करायचा, तर आधी मुलाला एका जागी उभं राहावंसं वाटलं पाहिजे. सात वर्षांची झाली की आणा. तोवर घरात नाचू द्या." सल्ला फुकट होता, म्हणूनच बहुधा कोणाला पटला नाही. आई म्हणाली, "त्यांच्या क्लासात जागा नसेल."

मग मंडळाच्या कोळीनृत्यात तिचं नाव घातलं. दर शनिवारी एका मित्राच्या बेसमेंटमध्ये तालीम. तिसऱ्या शनिवारी लेक गाडीत म्हणाली, "मला नाही यायचं." मी म्हटलं, "अगं, आजीसाठी." हे वाक्य माझं होतं, आईचं नव्हतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली, असा सगळा थाट. गाणं सुरू झालं. बाकीच्या सात जणी वल्ही मारू लागल्या. आमची मात्र दोन्ही हातांनी टोपली धरून उभी! पहिल्या रांगेत बसलेली आई उठली आणि खालून हातवारे करून स्टेप्स दाखवू लागली. "अगं, उजवीकडे! उजवीकडे!" हॉल हसला. प्रेमानेच हसला, मी कोणाला दोष देत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीला प्रेमाचं हसणं आणि दुसरं हसणं यातला फरक कसा कळावा? गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

रात्री व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. टाकला मीच. लगेच आत्याचा आवाजी निरोप, "दिसतेय गोड, पण प्रॅक्टिस कमी पडली हो. पुढच्या वेळी तिला मागे उभी करा." मी तो स्पीकरवर ऐकला. मागे टेबलाशी लेक दूध पीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली. ती खुर्चीतून उठली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तीन शिट्ट्या व्हायच्या आणि घर गप्प.

एका संध्याकाळी मी आईवर चिडलो. "तुझ्या हट्टापायी झालं हे सगळं!" आई मेथी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, गुडघे हे असे. पुढच्या वर्षी येणं होईल की नाही, कोण जाणे. तिला माझी काहीतरी आठवण राहावी, एवढंच होतं माझ्या मनात. आणि आग्रह मी केला हे खरं. पण दर शनिवारी गाडी कोण चालवत होतं?"

मंडळी, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. आपण 'नातेवाईक मागे लागतात' म्हणतो, पण ते फोनवर असतात. मुलाला हाताला धरून नेणारे आपणच असतो.

घटस्थापनेच्या संध्याकाळी आईने देवघरातला पाट काढला, त्यावर खडूने हत्ती काढला आणि पाट हॉलच्या मधोमध ठेवला. बायको, शेजारच्या दोन मुली आणि आई, असा भोंडल्याचा फेर सुरू झाला. मलाही ओढलं. लेकीला मात्र आईने बोलावलंच नाही. ती जिन्यात बसून बघत होती. खिरापतीचा डबा वाजला, तेव्हा तिथूनच ओरडली, "चुरमुरे!" चुरमुरे नव्हते, खोबरं-साखर होती. दुसऱ्या दिवशी ती खालच्या पायरीवर आली. चौथ्या दिवशी कोणी काही न बोलता आजीचा हात धरून फेरात उभी राहिली. गुडघ्यांमुळे आई हळू फिरायची, म्हणून आमचा सगळा फेरच हळू. दसऱ्यापर्यंत त्या हळू फेरातच ती उड्या मारायला लागली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोंडल्यात तो पाटावरचा हत्ती सोडला, तर प्रेक्षक कोणी नसतोच. मंगळागौरीची झिम्मा-फुगडीही तशीच. जो हजर, तो खेळात. आईला नात नाचताना बघायची होती. ती तिने बघितली, पण खुर्चीत बसून नाही, तिचा हात हातात धरून.

म्हणून यंदाच्या गणपतीसाठी माझ्या चार सूचना आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांचा बसवलेला नाच नको. त्याऐवजी शेवटी सगळ्यांचा एक फेर धरू, आजी-आजोबांसकट. मोठ्या मुलांपैकी कोणी तालमीत दोनदा 'नको' म्हणालं, तर तिसऱ्यांदा गळ घालायची नाही. एखादं मूल गळालं तरी चालेल असाच नाच बसवावा. पहिल्या रांगेतून मार्गदर्शन बंद. आणि मुलाला विचारल्याशिवाय त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. ही शेवटची सूचना मी आधी स्वतःला केली आहे.

आत्या अजूनही विचारते, "लावला का क्लास?" मी म्हणतो, "नाही आत्या. तुमच्या लहानपणची भोंडल्याची गाणी तेवढी तिला म्हणून दाखवा." मग आत्या गाते. आठवेल तेवढं गाते, बाकीचं जुळवते.

लेक आता साडेपाच वर्षांची होईल. कुकरच्या शिट्टीला कधी उठते, कधी नाही. आईचं यंदाचं तिकीट अजून काढलेलं नाही. गुडघ्यांचं डॉक्टर काय सांगतात, त्यावर ठरेल. तो पाट मात्र लेकीने आपल्या खोलीत नेऊन ठेवलाय आणि हत्ती ती कोणाला पुसू देत नाही.