राघोजी भांगरे : बंडामागील अर्थकारण

(कसारा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



कसाऱ्याच्या पूर्वेस सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, तिच्या पलीकडे अकोले तालुक्यात देवगाव आहे. महादेव कोळी पुढारी राघोजी भांगरे यांचा जन्म तेथे १८०५ साली झाला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या शौर्याचे गुणगान पुष्कळ होते. बंडामागील अर्थकारण मात्र क्वचितच सांगितले जाते.

पेशवाईत डोंगरी किल्ल्यांच्या व घाटवाटांच्या रखवालीबद्दल कोळ्यांना वेतन आणि जमिनी असत. १८१८ नंतर कंपनी सरकारने किल्ल्यांवरील शिबंदी बरखास्त केली आणि हा आधार तुटला. त्यातच सारा रोखीने, ठरल्या हप्त्याने मागितला जाऊ लागला. नाचणी-वरई पिकविणाऱ्याजवळ रोकड कोठून असणार? तो सावकाराच्या दारी गेला. सावकाराने खत लिहून घेतले, न्यायालयाने त्यावर हुकूमनामा दिला आणि जमीन हातची गेली. सरकार, सावकार व न्यायालय ही एकाच यंत्राची तीन चाके होती.

१८४४-४५ च्या सुमारास राघोजींनी बंड उभारले तेव्हा त्यांचा रोष प्रथम सावकारांवर कोसळला. कित्येकांची नाके कापली गेली. परंतु नाक कापल्याने खत रद्द होत नाही. १८४८ च्या आरंभी पंढरपुरात राघोजी पकडले गेले. खते होती तशीच राहिली. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी थेट त्या खतांनाच हात घातला व ती जाळली. त्यानंतर १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांसाठी केला. ज्या अन्यायाविरुद्ध उठल्याबद्दल राघोजींना फासावर चढविले, त्याची ही एकतीस वर्षांनी दिलेली सरकारी कबुलीच होय.

हा अनुभव एकट्या सह्याद्रीचा नाही. अमेरिकेत १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगरी प्रदेश लाकोटांना कायमचा दिला होता. १८७४ साली तेथे सोने सापडले आणि १८७७ साली कायदा करून तो प्रदेश काढून घेण्यात आला. त्यांचा नेता सिटिंग बुल १८९० साली अटकेच्या वेळी मारला गेला. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली. लाकोटांनी ती नाकारली. त्यांची मागणी भूमीची होती, किमतीची नव्हे.

कसाऱ्यापर्यंत आगगाडी १८६१ साली आली; १८६५ साली ती घाट चढली. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारी झाले. पुढे तानसा, मोडकसागर, भातसा अशी धरणे झाली व शहापूरचे पाणी मुंबईला गेले. उन्हाळ्यात येथील पाडे मात्र टँकरची वाट पाहतात. सावकाराची जागा बदलली, व्यवहार बदलला नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या हाती एक साधन दिले आहे. फेटाळलेल्या दाव्यांवर अपील करता येते. तेव्हा राघोजींच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या पाड्यातील प्रलंबित व फेटाळलेल्या दाव्यांची यादी करावी. खताची ताकद कागदात होती. ती कागदानेच मोडावी लागेल.