शिकारी कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



एम.एस.डब्ल्यू. होऊन मी पहिल्यांदा वस्तीत सर्व्हे करायला गेले. एक बाई दारात बसून गिऱ्हाइकाची गोधडी शिवत होत्या. विचारलं, "काय काम करता?" म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." मी फॉर्मवर 'काम नाही' लिहिलं आणि पुढच्या दारात गेले. सुई त्यांच्या हातात होती, मला दिसली नाही.

मोठमोठ्या अभ्यासकांचंही असंच झालं. १९६६ साली शिकागोत शिकार आणि अन्नसंकलन करणाऱ्या समाजांवर परिषद भरली. नाव काय, तर 'मॅन द हंटर'! त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी दाखवलं, की कालाहारीत बरंचसं अन्न बायका गोळा करतात ते कंदमुळं-फळांचं असतं. मग उत्तरेकडे बोट दाखवलं गेलं. तिथे बर्फच बर्फ, म्हणजे सगळं पोट पुरुषाच्या शिकारीवर!

तर चला, उत्तरेकडेच जाऊ. अलास्कातले इनुपियाट लोक देवमाशाची शिकार करतात. त्यासाठीची होडी सीलच्या कातड्यांची. ती कातडी बायका शिवतात, पाण्याचा थेंब आत येणार नाही अशा टाक्यानं. टाका चुकला तर होडीतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात. अंगावरचे फरचे कपडे शिवणाऱ्याही त्याच. बार्बरा बोडनहॉर्न यांच्या १९९०च्या लेखाचं शीर्षकच एका शिकाऱ्याचं वाक्य आहे: थोर शिकारी मी नव्हे, माझी बायको. प्राणी आपणहून येतो, आणि तो घरच्या बाईचा दिलदारपणा पाहून येतो, असं ते मानतात.

कॅनडातल्या चिपेवायन समाजात हेटी जो ब्रुमबाक आणि रॉबर्ट यार्वेनपा यांनी काम केलं. तिथल्या बायका फासे लावून ससे धरत, जाळ्यांनी मासे पकडत, नवऱ्याबरोबर मोठ्या शिकारीलाही जात. लेकरं लहान असली की घराजवळ शिकार करत. आणि जनावर पडलं की शिकार संपते का? सोलणं, मांस कापून वाळवणं, कातडी कमावणं हे कोणात धरायचं? हे सगळं शिकारीत धरा, असं या दोघांचं म्हणणं.

उत्खननात दगडी भाल्याचं टोक सापडतं. कातडं, दोरा कुजून जातो. टोक दिसलं की पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. सायबेरियात सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या, नेढं असलेल्या हाडाच्या सुया सापडल्या आहेत. त्या बाईच्याच हातात होत्या असं सुई सांगत नाही. पण भाला पुरुषाच्याच हातात होता, हे तरी टोक कुठे सांगतं?

त्या समाजांत बाईचं सगळं सुखाचं होतं, असा माझा दावा नाही. मुद्दा आपल्या नजरेचा आहे. आता मी "काम काय करता?" असं विचारत नाही. "सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारते. फॉर्मवरची जागा पुरत नाही. पुढच्या सर्व्हेत तुम्हीही विचारून पाहा, आणि जागा संपली तर कागदाच्या मागे लिहा. पण लिहा.