बाटली आधी की चमचा?

उलट्या लागल्या की अमरावती-अकोल्याकडे पहिली मागणी होते, 'सलाईन लावा'. पण 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. साखरेच्या सोबतीनं आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, एवढंच त्यातलं गमक. 'पोटात ठरतच नाही' हा आक्षेप रास्त आहे; तरी उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं दिलं तर बरंचसं ठरतं, घटाघटा पाजलं तर मात्र उलटतं. लघवी थांबली, ग्लानी आली, नाडी क्षीण झाली की चमच्याचा हट्ट नको. तिथे सलाईनच हवं. पण सलाईन सगळीकडे जवळ नसतं. 2022 च्या जुलैत अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात विहिरीच्या दूषित पाण्यानं कॉलरा पसरला होता. तिथून दवाखाना लांब. रुग्ण शुद्धीवर असेल तर वाटेतही मीठ-साखरेचं पाणी पाजत राहावं.