हातातले पत्ते उघडे करणारी पुस्तकं



मी जुनी पुस्तकं विकतो. त्यातही माझं मन रमतं ते पत्त्यांच्या आणि जुगाराच्या पुस्तकांत. हे सांगितलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे मला समजतं. द्यूतापायी राज्य गेल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि पत्त्यांच्या क्लबात पगार घालवून येणारा माणूस बहुतेक प्रत्येकाने जवळून पाहिलेला असतो. त्या नादाने घरं बसतात, यात वाद नाही. पण याच खेळांभोवती गेल्या साडेतीनशे-चारशे वर्षांत एक मोठं ग्रंथभांडार उभं राहिलं आहे. कार्दानोपासून हॉयगेन्सपर्यंतच्या विद्वानांनी संभाव्यतेचं गणित मांडलं ते फासे समोर ठेवूनच. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात फ्रेडरिक जेसेल नावाच्या संग्राहकाची अशी पुस्तकं जपून ठेवली आहेत, आणि लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र संग्रह आहे. त्या भांडारातल्या माझ्या आवडत्या कोपऱ्याबद्दल, म्हणजे पोकरच्या पुस्तकांबद्दल आज बोलतो.

पोकर ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तीन पत्ती डोळ्यांसमोर आणावी. दोन्ही खेळांचं ‘ब्रॅग’ नावाच्या जुन्या इंग्रजी खेळाशी नातं आहे. तीन पत्तीत ‘चाल’ करतो तशीच पोकरमध्येही बोली वाढवत न्यायची, आणि पत्ते वाईट असले तरी हूल देऊन समोरच्याला डाव सोडायला लावायचा. हल्ली सगळीकडे चालणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते मध्ये सगळ्यांसाठी उघडतात, आणि या सातांतून ज्याचे पाच पत्ते सरस ठरतात तो डाव मारतो. नियम पंधरा मिनिटांत कळतात. पण समोरच्याच्या दोन पत्त्यांत काय असेल हे त्याच्या बोलीवरून, त्याच्या थांबण्यावरून, त्याच्या आधीच्या वागण्यावरून ताडायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

म्हणजे हा सगळा लपवण्याचा खेळ. मग ज्याचं पोटच लपवण्यावर चालतं, तो आपली विद्या छापून चारचौघांना का विकतो? ही पुस्तकं चाळताना मला हा प्रश्न कायम पडत आला आहे. प्रत्येक लेखकाचं उत्तर वेगळं आहे, आणि माझ्या मते या पुस्तकांची खरी गोडी त्या उत्तरांत आहे.

पोकर वाढला तो मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत. जोसेफ कॉवेल या नटाने १८२९ साली बोटीवर पाहिलेला डाव आपल्या आठवणींत लिहिला आणि ते पुस्तक १८४४ मध्ये निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी जोनाथन ग्रीन या माणसाचं पुस्तक आलं होतं. ग्रीन स्वतः पत्तेचोर होता, मग त्याने तो धंदा सोडला आणि गावोगाव जुगाराविरुद्ध व्याख्यानं देत फिरला. तेव्हाचा पोकर वीसच पत्त्यांचा होता. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी एवढेच पत्ते घ्यायचे आणि चार भिडूंत वाटून टाकायचे. ग्रीनने आपली गुपितं पश्चात्तापापोटी फोडली. उलट जॉर्ज डेव्हॉलने १८८७ मध्ये बोटींवरच्या चाळीस वर्षांच्या जुगाराची कहाणी सांगितली ती फुशारकीने. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकाच नदीची दोन रूपं दिसतात. बाजारात डेव्हॉलला मागणी जास्त असते. मला मात्र ग्रीनचं पुस्तक अधिक मोलाचं वाटतं, कारण त्या काळचा खेळ प्रत्यक्ष कसा चालायचा हे आपल्याला त्याच्याकडून कळतं.

गुपितं छापली की त्यांची चोरी होते, हा अनुभव तर पोकरपेक्षाही जुना आहे. लंडनमध्ये व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ शिकवणाऱ्या एडमंड हॉइलने १७४२ साली त्या खेळावर छोटंसं पुस्तक काढलं आणि किंमत ठेवली एक गिनी. त्या काळी ही रक्कम मोठी होती. बघता बघता स्वस्तातल्या चोरट्या आवृत्त्या निघाल्या. तेव्हा प्रत अस्सल आहे हे कळावं म्हणून हॉइल आपल्या प्रतींवर स्वतः सही करू लागला. त्या सहीच्या प्रती आजही विक्रीला येतात. पण पुढे सहीचा ठसा करून छापू लागले, त्यामुळे शाई कागदात कशी उतरली आहे हे भिंगातून बघितल्याशिवाय मी कोणालाही ‘हस्ताक्षरित प्रत’ असा शब्द देत नाही.

या सगळ्यांत ज्याचा पत्ता कोणालाच लागला नाही असा लेखक म्हणजे एस. डब्ल्यू. अर्डनेझ. त्याचं ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ हे पुस्तक शिकागोत १९०२ मध्ये त्याने स्वतःच काढलं, किंमत दोन डॉलर. पत्ते पिसताना हवा तो पत्ता वर कसा ठेवायचा, तळातला पत्ता कोणाला न कळता कसा वाटायचा, कापलेली गड्डी पुन्हा मूळ जागी कशी आणायची, हे त्यात बोट न् बोट दाखवून सांगितलं आहे. लेखकाने प्रस्तावनेत उपदेश केलेला नाही की पश्चात्ताप दाखवलेला नाही. पैशांची गरज आहे म्हणून लिहिलं, असं त्याने सरळ सांगून टाकलं. हा माणूस कोण, हे अजूनही निश्चित झालेलं नाही. नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, एवढा धागा हाती आहे. चाळीसच्या दशकात मार्टिन गार्डनर यांनी पुस्तकातली चित्रं काढणाऱ्या मार्शल स्मिथला शोधून काढलं. त्याला शिकागोतल्या हॉटेलातली एक थंडगार खोली आठवत होती, आणि त्याच्यासमोर हातांच्या हालचाली करून दाखवणारा छोट्या चणीचा, मऊ हातांचा एक माणूस. एका अवलियाचा चेहरा हरवला आणि त्याचे हात मात्र शंभरहून अधिक चित्रांत राहून गेले. पत्तेचोरीचं हे पुस्तक पुढे जादूगारांनी उचललं. डाय व्हर्ननसारख्या जादूगाराने त्याचा जन्मभर अभ्यास केला. आज हातचलाखी शिकणारे जगभर ते वाचतात.

अर्डनेझच्या बाबतीत गिऱ्हाईक सर्रास फसतं ते सालामुळे. हक्क विकले गेल्यावर ड्रेक या प्रकाशकाने वर्षानुवर्षं छापलेल्या स्वस्त आवृत्त्यांवरही १९०२ हेच साल दिसतं. घरी जुनी प्रत सापडली, साल वाचलं आणि हरखून जाऊन फोन केला, असं अनेकदा होतं. अशा वेळी मी आधी बांधणी आणि प्रकाशकाचं नाव विचारतो. पहिली आवृत्ती हिरव्या कापडी बांधणीत आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणा प्रकाशकाचं नाव नाही.

हर्बर्ट यार्डलीची गोष्ट आणखी निराळी. पहिल्या महायुद्धानंतर हा गृहस्थ अमेरिकन सरकारसाठी परदेशांचे सांकेतिक संदेश फोडायचा. हे काम करणारं त्याचं खातं १९२९ मध्ये बंद झालं आणि दोनच वर्षांत त्याने त्याच्यावर पुस्तक लिहून सरकारची झोप उडवली. मग आयुष्याच्या अखेरीस, १९५७ मध्ये, त्याने ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेयर’ लिहिलं. गावातल्या दारूच्या गुत्त्यात शिकलेला पोकर आणि युद्धकाळात चीनमध्ये खेळलेला पोकर, दोन्ही त्यात आहेत. इंग्रज कवी आणि समीक्षक अल अल्वारेझ यांच्यावर या पुस्तकाचा खोल परिणाम झाला. पुढे त्यांनी लास वेगासच्या १९८१ सालच्या जागतिक स्पर्धेवर ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ लिहिलं. पोकरवरचं एकच पुस्तक वाचणार असाल तर ते वाचा, असं मी पत्ते न खेळणाऱ्यांनाही सांगतो. त्यात डाव कमी आहेत आणि माणसं भरपूर.

लास वेगासचं नाव निघालं की तिथल्या ‘गॅम्बलर्स बुक क्लब’ या दुकानाबद्दल बोलायलाच हवं. जॉन आणि एडना लकमन या दांपत्याने १९६४ मध्ये ते सुरू केलं. पुढे हॉवर्ड श्वार्ट्झ यांनी अनेक वर्षं ते सांभाळलं. ज्या गावात सगळं काही गिऱ्हाइकाचा पैसा काढून घेण्यासाठी मांडलेलं आहे, तिथे या दुकानात त्याला खेळाचं गणित विकत मिळायचं. लकमन यांनी नुसती पुस्तकं विकली नाहीत, तर दुर्मीळ झालेली पुन्हा छापलीही. डेव्हिड स्क्लान्स्की या गणिती डोक्याच्या तरुण खेळाडूचं ‘होल्डेम पोकर’ १९७६ मध्ये त्यांनीच काढलं. सुरुवातीचे दोन पत्ते कोणते घ्यावेत आणि कोणते टाकावेत, याची शिस्तशीर मांडणी त्यात आहे. दिसायला अगदी साधं, परीक्षेच्या गाइडसारखं पुस्तक, पण त्याची चांगली राहिलेली जुनी प्रत मिळाली तर मी ती लगेच विकायला काढत नाही.

आता डॉयल ब्रन्सन. टेक्सासचा मुलगा, बास्केटबॉलमध्ये नाव काढणार असं वाटत असतानाच एका अपघातात त्याचा पाय मोडला आणि तो पत्त्यांकडे वळला. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. त्या जोडीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. १९७८ मध्ये त्याने सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ स्वतःच छापला. पोकर खेळून आपण दहा लाख डॉलरच्या वर कसे मिळवले हेच त्याचं मूळ नाव होतं, पुढे तो ‘सुपर/सिस्टम’ म्हणून गाजला. एकेका प्रकारासाठी त्याने त्या त्या प्रकारातला तेव्हाचा पट्टीचा खेळाडू गाठला: चिप रीस, बॉबी बाल्डविन, माइक कॅरो, स्क्लान्स्की, जोई हॉथॉर्न. किंमत ठेवली शंभर डॉलर. सतत आक्रमक राहा, समोरच्याला प्रत्येक वेळी अवघड निर्णय घ्यायला लावा, हे त्याचं सूत्र त्याने हातचं न राखता मांडलं. मग व्हायचं तेच झालं. टेबलावर समोर बसणारे त्याचंच पुस्तक वाचून येऊ लागले. या पुस्तकापायी आपलं बरंच नुकसान झालं, असं ब्रन्सन पुढे सांगत असत. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी ते गेले. आज पोकर शिकणारी कोवळी मुलंही त्यांचं नाव आदराने घेतात, ते स्पर्धांइतकंच या पुस्तकामुळे.

खेळ म्हणून आज या पुस्तकांतलं बरंचसं शिळं झालं आहे. २०१७ पासून संगणकांनी पट्टीच्या व्यावसायिकांना हरवायला सुरुवात केली, आणि आता नवे खेळाडू संगणकाच्या कोष्टकांवर घोकंपट्टी करतात. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ज्या तरुणांचे पगार रात्रीत मोबाइलमध्ये गडप होत होते त्यांच्या घरच्यांचा विचार केला तर मला ही बंदी बरी वाटते. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर चालतो, पण तिकडे माझं पाऊल वळत नाही. आम्ही मित्र रविवारी जमतो आणि चिंचोक्यांवर खेळतो. सगळ्यांना सारखे चिंचोके वाटायचे, आणि ज्याचे आधी संपतील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी कांदेपोहे करायचे. गमावण्यासारखं काहीच नसेल तर हूल द्यायला अर्थ राहत नाही, म्हणून ही अट. आमच्यातल्या एक वहिनी एरवी कोणाला उलट उत्तर देत नाहीत, पण हातात सत्ती आणि तिर्री धरून समोरच्याला राण्यांची जोडी टाकायला लावतात. ती हूल बघताना जो आनंद होतो, त्याला पैशाची गरज नाही.

मला भेटलेली एक प्रत सांगतो. कोकणातल्या एका घरातून बोटीवर नोकरी केलेल्या गृहस्थांची पुस्तकं विकायला निघाली होती. ते वारले होते. त्यांत ब्रन्सनचा तो जाडजूड ग्रंथ होता. जुगाराचं पुस्तक म्हणून घरच्यांनी तो रद्दीच्या ढिगात टाकला होता. पुठ्ठ्याचा कोपरा खाऱ्या हवेने फुगलेला, पाठ सैल झालेली. आत समासात शिसपेन्सिलीने बारीक मराठी अक्षरं: ‘इथे घाई नको’, ‘हे आपल्या टेबलावर चालत नाही’, ‘चीफ इंजिनिअर नेहमी असंच करतो’. शेवटच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडलेला, तोही पैशांचा नव्हे तर सिगारेटच्या पाकिटांचा. ब्रन्सनने आपले पत्ते उघडे केले होते, आणि समुद्रावरच्या एका मराठी माणसाने रात्रीच्या पाळीनंतर बसून त्यांना उत्तर दिलं होतं. मी हे त्यांच्या मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, बाबा बोटीवर काय करायचे ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. पुस्तक तिने ठेवून घेतलं. मला ते हवं होतं, पण तिचा निर्णय योग्य होता.

तेव्हा तुमच्या माळ्यावर असं काही सापडलं तर दोन गोष्टी करू नका. नवी बांधणी करून घेऊ नका, कारण मूळ पुठ्ठा गेला की पुस्तकाची ओळख पुसली जाते आणि किंमतही उतरते. आणि समासातल्या पेन्सिलीवर खोडरबर फिरवू नका. स्वच्छ प्रतीला चार पैसे जास्त मिळतात हे खरं आहे. पण पेन्सिलीच्या खुणांची प्रत मागणारे संग्राहकही आहेत, आणि विकण्याआधी ती अक्षरं घरच्यांनी एकदा वाचावीत असं मी प्रत्येकाला सांगतो.