बोलणे आणि सांगणे
(रुग्णालयाच्या देणगीदार व पालक मेळाव्यात वाचा-उपचारतज्ज्ञांनी केलेले भाषण)



जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "बाई, आमचं लेकरू बोलंल का?" पालक नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यातले असोत, की डिंभे धरणापलीकडच्या आदिवासी वाड्यांवरचे, प्रश्न बदलत नाही. पुष्कळ मुलांच्या बाबतीत त्याचे उत्तर होकारार्थी देता येते. परंतु ज्यांना मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता वा बौद्धिक अक्षमता तीव्र स्वरूपात, कधी एकत्रितपणे आहे, त्यांच्याविषयीचे प्रामाणिक उत्तर असे असते : तो बोलेलच असे नाही, पण सांगू मात्र शकेल. बोलणे आणि सांगणे यांतील हा भेद घराघरांत समजावणे, हेच माझ्या व्यवसायाचे मुख्य काम ठरले.

उच्चारासाठी श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचा अचूक मेळ लागतो. मेंदूच्या पक्षाघातात स्नायूंवरील ताबा सुटतो. समज मात्र शाबूत असू शकते. मुंबईच्या मालिनी चिब यांनी आपले आत्मचरित्र एका बोटाने टंकलेखन करून पूर्ण केले, हे उदाहरण मी पालकांना नेहमी सांगते.

ज्यांना हात वा नजर वळविता येते त्यांच्यासाठी आम्ही चित्रफलक तयार करतो. चित्राकडे बोट दाखवावे, तेही न जमल्यास नुसते पाहावे. बाहेरून आलेल्या तयार फलकांवरील खाद्यपदार्थ आमच्या मुलांनी कधी पाहिलेलेही नसत. म्हणून आम्ही भाकरी, कालवण, एस.टी., शेळी अशी चित्रे घेतली आणि बिबट्याचेही घेतले. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या मुलाला हा शब्द सांगता येणे चैनीचे नव्हे, जीविताचे काम आहे. आय.आय.टी. मुंबईत विकसित झालेले 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही आहे. मात्र फलकाला ना वीज लागते, ना नेटवर्क.

"चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच राहील," ही भीती पालकांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात ज्या २७ व्यक्तींबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्यांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झालेले आढळले नाही, बहुतेकांचे वाढलेच.

तथापि फलक भिंतीवर टांगून काम संपत नाही. घरच्यांनी स्वतःही बोलता बोलता चित्राकडे बोट दाखवावे लागते, आणि प्रश्न विचारून झाल्यावर थांबावे लागते. ते थांबणे आपणा सर्वांनाच अवघड जाते. आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

फलकावर 'पाणी', 'जेवण', 'शू' ही चित्रे सारेच आनंदाने लावतात. मी आग्रह धरते तो 'नको', 'दुखतंय' आणि 'तसं नाही' या तिघांचा. ज्याला केवळ मागता येते तो परावलंबीच राहतो. ज्याला नाकारता येते तो माणूस म्हणून आपल्यासमोर उभा राहतो. हा नकार घरच्यांना नेहमी सोयीचा नसतो, हेही मी पाहिले आहे. पण ज्या मुलीला 'नको' सांगता येत नाही, तिच्यावर अन्याय झाला तर तो कळणार कसा?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत अशा पूरक व पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश केला आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी व उपचारांची सोयही आहे. मात्र तो कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याच कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्कही १८ व्या वर्षापर्यंतच आहे. नेमक्या त्याच वयात शाळा सुटते, सोबती दुरावतात, आणि सहाव्या वर्षी केलेला फलक विसाव्या वर्षीही तसाच राहतो. त्यावर खेळणी असतात. पण राग, एकटेपणा, पैसे, 'दार लावा', 'मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे' यांपैकी काहीच नसते. आईवडील थकत जातात. त्यांना लेकराचे सारे इशारे कळतात. त्यांच्यामागे ते कुणाला कळणार, हा प्रश्न त्यांची झोप उडवितो.

म्हणून देणगीदारांना माझी विनंती आहे, की केवळ उपकरणासाठी देणगी न देता माणसासाठी द्यावी. महागडे यंत्र शिकविणारा नसल्यास कपाटात पडून राहते. भीमाशंकरच्या कुशीतील वाडीपर्यंत दरमहा पोहोचणारा प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याचे मानधन आणि त्याचा प्रवासखर्च, ही आजची खरी गरज आहे. तरुणांचे फलक त्यांच्या वयाबरोबर बदलत राहतील ते अशाच माणसामुळे.

पालकांना एवढेच सांगेन, की आपल्या मुलाचा एक तरी इशारा आज शेजाऱ्याला, चुलतभावाला, आशाताईंना शिकवा. आपल्याखेरीज आणखी चार जणांना त्याचे म्हणणे कळू लागले, तर उद्याची चिंता तेवढी हलकी होईल.