निवृत्तीचे गाव : नेपरव्हिलचे दोन हिवाळे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या मंगल प्रसंगी विश्वस्तांनी मला दिलेला विषय वरकरणी व्यावहारिक वाटेल. परंतु येथे बसलेल्या अनेकांच्या घरी तो रोज रात्री फोनवर निघत असतो. मुलगा अमेरिकेत स्थिरावलेला आहे, ‘आई-बाबा, आता कायमचे इकडेच या’ असा त्याचा आग्रह आहे आणि आपले मन मात्र द्विधा आहे. आम्ही उभयता ग्रीन कार्डावर शिकागोजवळील नेपरव्हिल शहरात मुलाकडे दोन हिवाळे राहून परत आलो. निवृत्तीनंतरचे गाव म्हणून ते कसे आहे, हे मी येथे निःपक्षपणे सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. शिकागोच्या पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेले, दीड लाख वस्तीचे हे शहर शांत, स्वच्छ व सुरक्षित आहे. शिकागोला जाण्यासाठी मेट्राची आगगाडी आहे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या तीन शाखा असून तेथे दिवसभर कोणीही निःशुल्क वाचत बसावे. ड्युपेज नदीच्या काठाने १९८१ साली, गावाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, विटांचा सुंदर पादचारी मार्ग बांधण्यात आला. उन्हाळ्यात तेथे फिरताना भारतीय चेहरे पदोपदी भेटतात. धर्मसाधनेचीही सोय आहे. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी यांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्म मांडला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, त्याच महानगराच्या परिसरात बार्टलेट येथे जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. तेथे श्वेतांबर व दिगंबर दोन्ही परंपरांच्या प्रतिमा एकाच छताखाली आहेत आणि मुलांची पाठशाळाही भरते. हे पाहून माझे मन भरून आले.

परंतु बंधूंनो, ते मंदिर मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे, आणि मला मोटार चालवता येत नाही. माझ्या विवेचनाचे सार याच एका वाक्यात आहे.

आपण मुलाकडे बहुधा मे-जूनमध्ये जातो. तेव्हा हिरवळ असते, रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, मुलगा रजा घेऊन हिंडवतो. तेवढ्यावरून गावाची परीक्षा करू नये. गाव जानेवारीत पाहावे, आणि तेही आपल्या पायांनी. त्या महिन्यात दुपारी पारा शून्याच्या आसपास व रात्री उणे आठ अंशांपर्यंत असतो. ३० जानेवारी २०१९ रोजी तर शिकागोच्या विमानतळावर उणे ३० अंशांहूनही खाली नोंद झाली होती. घर उबदार असते. थंडीने माणूस गारठत नाही. खरी भीती असते ती बर्फ वितळून पुन्हा गोठल्यावर पदपथावर बसणाऱ्या पारदर्शक थराची. पहिल्याच हिवाळ्यात टपालपेटीपर्यंत गेलेल्या आमच्या सौभाग्यवती त्यावरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्यानंतर मार्चपर्यंत त्या एकट्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत.

त्या प्रसंगाने दुसरा प्रश्न पुढे आला. मेडिकेअर ही तेथील ज्येष्ठांची सरकारी आरोग्य योजना ६५ व्या वर्षापासून लागू होते. ज्याने तेथे साधारण दहा वर्षे नोकरी करून कर भरला, त्याला रुग्णालयाच्या भागाचा हप्ता पडत नाही. उतारवयात ग्रीन कार्डावर गेलेल्या माणसाला मात्र सामान्यतः सलग पाच वर्षे राहिल्यावरच हप्ते भरून ती घेता येते. तोवर खासगी विमा. त्याने न दिलेली रक्कम मुलाने भरली, आणि तो त्याविषयी एक शब्द बोलला नाही. पण बापाला ते कळतेच. शिवाय वार्धक्यातील दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर उचलत नाही, आणि भारतात घेतलेल्या उपचारांनाही ती सहसा उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण आपल्या घरांत ती मोठी ठरते. डिसेंबरमध्ये तेथे सूर्यास्त चारच्या सुमारास, म्हणजे चार वाजून वीस मिनिटांनी होतो. मुलगा-सून साडेसहाला घरी येत. चौविहार पाळायचा तर आम्ही दोघांनीच चार वाजता जेवायचे, आणि मुला-नातवंडांसोबत बसायचे तर रात्रिभोजन. आम्ही नियम पाळला. रात्री त्यांच्या ताटांशेजारी नुसतेच बसत असू. नातू विचारी, ‘आजोबा, तुम्ही उपाशी का?’ साधू-साध्वींचा पायी विहार असल्याने चातुर्मासाचे सान्निध्यही तेथे दुर्मीळ. समणींचे आगमन होते, तेवढाच आधार.

मग नेपरव्हिल वाईट आहे का? मुळीच नाही. ज्यांनी तीस वर्षे तेथे नोकरी केली, त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. इलिनॉय राज्य सोशल सिक्युरिटीवर प्राप्तिकर घेत नाही. मात्र घरपट्टी जबर, घराच्या किमतीच्या सुमारे दोन टक्के, आणि ती दरवर्षी. अशा मंडळींनी मोटार चालवता येते आहे तोवरच बिनजिन्याचे घर पाहावे; स्थानक, ग्रंथालय व दवाखाना जवळ असेल असे.

आपल्यासारख्या उशिरा जाणाऱ्यांस मात्र माझी नम्र सूचना आहे. घर विकून जाऊ नये. आधी एक पूर्ण हिवाळा काढावा. विम्याची कागदपत्रे मुलासमवेत बसून वाचावीत. आणि ‘बोलावतोस तर येतो’ असे न म्हणता, ‘मी घरात एकटा असेन तेव्हा दिवसभर काय करीन?’ हे त्याला मोकळेपणाने विचारावे. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते, म्हणून दोन्हीकडे पाय ठेवण्याचा मार्गही दीर्घकाळ चालत नाही.

आम्ही परतलो, तेव्हा मुलगा विमानतळावर रडला, मीही रडलो. आपल्याकडून काही कमी पडले असे त्याला वाटू नये, म्हणून त्याला म्हणालो, ‘तुझ्या घरात काही उणे नव्हते. तुझ्या गावात मला एकट्याने देवदर्शनाला जाता येत नव्हते, एवढेच.’ येथे रोज सकाळी मी काठी टेकत सात मिनिटांत या मंदिरात पोहोचतो. ती सात मिनिटे मला निवृत्तिवेतनाहून मोलाची वाटतात. आपल्या पूर्वजांनी पन्नास वर्षांपूर्वी हा ट्रस्ट उभारला, म्हणूनच ती मला लाभली आहेत.

सर्वांना उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.