पालकांचा लढा आणि टीकाकारांचा निकाल

आज ज्या बोलपटाविषयीं बोलावयाचें आहे तो अमेरिकेंतला. नांव ‘वोन्ट बॅक डाऊन’; सन २०१२ च्या सप्टेंबरांत तो तिकडे प्रदर्शित झाला. पिट्सबर्ग शहरांतील एका प्राथमिक शाळेंत जेमी नांवाच्या गरीब आईची मुलगी शिकत असते. तिला अक्षरें लागत नाहींत आणि वर्गाच्या बाईंना त्याचें सोयरसुतक नाहीं. तेव्हां ही आई नोना नांवाच्या एका शिक्षिकेस बरोबर घेते, आणि पालक व शिक्षक यांच्या सह्या गोळा करून शाळेचा कारभारच हातीं घेण्याचा घाट घालते.

टीकाकारांनीं बहुतेक नाक मुरडलें. मॅगी जिलेनहाल व व्हायोला डेव्हिस या नटींचें काम पुष्कळांनीं वाखाणलें, पण कथा एकांगी आहे, शिक्षकांचा संघ म्हणजे वाटेंतली धोंड असें तींत रंगविलें आहे, हा मुख्य आक्षेप. संघाच्या अध्यक्षा रँडी वाइनगार्टन यांनींही जाहीर टीका केली. प्रेक्षकही फिरकले नाहींत. अडीच हजारांवर चित्रगृहें असून पहिल्या तीन दिवसांचें उत्पन्न अवघें २६ लाख डॉलर!

आक्षेपांत तथ्य आहे. बोलपट सत्य घटनांवरून सुचल्याचें सांगतो. असा कायदा कॅलिफोर्नियांत २०१० सालीं झाला खरा. पण कॉम्प्टन येथील पालकांचा पहिला अर्ज सह्यांच्या वादांत व कोर्टांत अडकला. ॲडेलँटो येथें शाळा नव्या व्यवस्थेखालीं उघडली ती २०१३ सालीं, म्हणजे बोलपटानंतर. तेथेंही कांहीं पालकांनीं दिलेल्या सह्या परत मागितल्या आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट आलें. पडद्यावर मात्र मंडळाच्या एका सभेंत सारें सुरळीत होतें.

तरी टीकाकारांशीं माझें एक भांडण आहे. संघ बरा कीं वाईट, पैसा कोणाचा, यांतच ते गुंतले. फळ्यासमोर अडखळणाऱ्या त्या मुलीकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. अशा मुलाला वाचावयास शिकविणें म्हणजे एकेका अक्षराशीं महिनेच्या महिने बसणें. साठ मुलांच्या वर्गांत तें कसें होतें, हें मास्तरकी केलेल्यास विचारा. बोलपटानेंही सह्यांपायीं जेवढा वेळ घालविला, तेवढा या कामास दिलेला नाहीं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. खाजगी विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. सह्या गोळा कराव्या न लागतां मिळालेली ही सत्ता. पण मोलमजुरीचा दिवस बुडवून सभेस आलेली आई हजेरीपुस्तकांत सही करते, आणि पुष्कळदां एक शब्दही न बोलतां परत जाते.

बोलपट पाहावयाचा झाल्यास डेव्हिसबाईंच्या नोनासाठीं पाहावा. घरीं स्वतःचा मुलगा अभ्यासांत मागें, संसार विसकटलेला, शाळेंतला उत्साह केव्हांच आटलेला. आणि तरी ही बाई सकाळीं पुन्हां वर्गांत उभी राहते. या कामाबद्दल तिला २०१३ मध्यें एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचें पारितोषिक मिळालें. तशा शिक्षिका मीं माझ्या नोकरींत दोन-तीन तरी पाहिल्या आहेत.